वंशावळीत न मावणाऱ्या बाया

मिरग लागला होता, पाऊस नव्हता, पेरण्या अडल्या होत्या, आणि भाचा कागदांची थैली घेऊन आला. जात पडताळणीचा अर्ज करायचा होता. आमच्याकडे त्याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. पोरगं इंजिनिअरिंगला लागायचं असलं की त्या घरात दोन महिने दुसरा विषय नसतो. थैलीत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा होता, जुना सातबारा होता, तहसिलीतून काढलेली कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल होती आणि शपथपत्रावर उतरवायची वंशावळ होती. मी निवृत्त मास्तर. जुनं मोडी वळणाचं अक्षर मला थोडंफार लागतं, म्हणून असली कामं माझ्या ओसरीवर येतात.

वंशावळ आम्ही दोघांनी बसून काढली. त्याच्या खापरपणजोबापासून बाण ओढत खाली आलो. एकोणीस नावं भरली. एकोणीसही पुरुषांची.

“मामा, तुमची व्हॅलिडिटी तं हाये. थेच जोडून देऊ ना संगं.”

मी म्हटलं, चालत नाही बाबा. रक्तनातं म्हणजे बापाकडचं. काका चालतो, आत्या चालते, मामा चालत नाही.

तो हसला. “म्हंजे तुमी माये कोनीच नाई.” मग जरा थांबून म्हणाला, “मंग हे लोक सरळ डीएनएच काऊन नाई तपासत? थुंकी घ्या, जात सांगा, भानगड खतम.”

त्याच्या प्रश्नावर मी हसलो नाही. हा प्रश्न आता पानठेल्यावर ऐकू येतो, शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतो, आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले नातेवाईक सणाला आले की ‘आमचे पूर्वज कुठून आले ते आम्ही तपासून घेतलं’ असं सांगून भाकरीसोबत वाढतात. माझं म्हणणं असं आहे की आईकडून येणाऱ्या डीएनएनं गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे दाखवलं ते खरोखर समजून घेतलं, तर तो पडताळणीच्या टेबलावर नेण्याचा हट्ट कुणीच धरणार नाही. आणि तरीही ते समजून घेणं टाळू नये. उलट गावोगाव सांगावं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण तशा त्या नाहीत.

आधी मामा-भाच्याचं पाहू. आपल्या पेशीत केंद्रकाबाहेर तंतुकणिका असतात, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्या. त्यांच्याजवळ स्वतःचा छोटासा गोल डीएनए असतो. केंद्रकात सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात, इथे फक्त १६,५६९. सदतीस जनुकं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये तो पहिल्यांदा सबंध वाचला. वडिलांकडच्या तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत, म्हणून हा डीएनए आईकडून लेकरांकडे जातो आणि पुढे फक्त लेकींकडून वाहतो. याचा अर्थ असा की माझ्यात जो आहे तो माझ्या आईचा, माझ्या बहिणीतही तोच, म्हणून भाच्यातही तोच. माझ्या स्वतःच्या पोरांत मात्र माझा नाही. त्यांच्यात त्यांच्या आईचा आहे, म्हणजे दारव्ह्याकडच्या कुण्या आज्यांचा. कार्यालय म्हणतं मी भाच्याचा कुणी नाही. तंतुकणिका म्हणतात, माझ्या पोरांपेक्षा या एका बाबतीत तोच माझा जास्त.

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन यांनी जगभरातल्या १४७ लोकांचा हा डीएनए ताडून पाहिला. सगळ्या रेषा मागे जात जात सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी पोचल्या. वर्तमानपत्रांनी तिला बायबलमधल्या पहिल्या स्त्रीचं नाव देऊन टाकलं, आणि तेव्हापासून गैरसमज चालू आहे. ती काही तेव्हाची एकटी बाई नव्हती. तिच्या शेजारणीही होत्या, त्यांनाही लेकरं झाली. पण कुठे ना कुठे त्यांच्या लेकींची साखळी तुटली. कुणाला नुसते मुलगेच झाले, कुणाची लेक लहानपणीच गेली. हिची साखळी तेवढी तुटली नाही.

इथेच या डीएनएची मर्यादाही कळते, आणि ती फार मोठी आहे. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज भरतात. त्यांतल्या फक्त एका बाईची खूण आईकडच्या डीएनएमध्ये असते. उरलेल्या १,०२३ जणांविषयी तो चकार शब्द काढत नाही. वंशावळही असंच करते, फक्त उलट बाजूनं: एका पुरुषाची रेघ धरते आणि बाकीच्यांना सोडून देते. एका रेघेवरून माणसाची जात ठरवायची म्हणजे पैनगंगेच्या एका ओंजळीवरून तिला मिळालेले सगळे नाले ओळखून दाखवण्यासारखं आहे.

मग या रेघेनं सांगितलं काय? एका माणसाविषयी थोडं, पण हजारो माणसांच्या रेघा एकत्र ठेवल्या की पुष्कळ.

भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांची आईकडची शाखा ‘एम’ नावाची आहे. तिच्या इथल्या काही पोटशाखा हजारो नव्हे, कित्येक दहा हजार वर्षं जुन्या आहेत आणि या उपखंडाबाहेर त्या फारशा सापडत नाहीत. ही शाखा कोलाम आदिवासींच्या पोडात, म्हणजे वस्तीत आहे, बंजाऱ्यांच्या तांड्यात आहे आणि जिथे सोवळं दोरीवर वाळतं त्या वाड्यातही आहे. २००१ मध्ये मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यात वेगवेगळ्या जातींच्या लोकांचे नमुने तपासले. आईकडून पाहिलं तर सगळ्या जाती आशियाई लोकांच्या जवळ होत्या. बापाकडून, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रावरून, पाहिलं तर मात्र जात जितकी वरची तितकी युरोपीय लोकांशी जवळीक वाढत गेली. त्यावर मोठा गदारोळ उठला. ज्याला आपण बाहेरून आलेले विजेते आहोत असं वाटायचं त्याने त्यातला एक अर्धा उचलला, ज्याला वरच्या जाती परक्या ठरवायच्या होत्या त्यानेही तोच अर्धा उचलला. आईकडचा अर्धा कुणालाच नको होता. नंतर बापाकडची जी ‘आर-१-ए’ नावाची खूण वरच्या जातींची समजली जायची तीच तेलुगू मुलखातल्या चेंचू आदिवासींतही सापडली, तेव्हा दोघांचीही पंचाईत झाली.

पुढे आईकडची आणि बापाकडची एकेक रेघ सोडून सबंध डीएनए तपासणं शक्य झालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले लालजी सिंग आणि कुमारसामी तंगराज यांनी अमेरिकेतल्या डेव्हिड राइश यांच्या चमूसोबत २००९ मध्ये २५ समूहांतल्या १३२ लोकांचा अभ्यास छापला. मुख्य भूमीवरचे जवळपास सगळेच भारतीय दोन फार जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, प्रमाण तेवढं कमी-जास्त, असं त्यातून निघालं. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी यांनी ७३ समूहांवरून या मिश्रणाचा काळ काढला: सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. त्यानंतर दारं बंद होत गेली. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेनं (ठाण्याजवळचं कल्याण नव्हे) २०१६ मध्ये हिशेब मांडला की अनेक समूहांत आपल्याआपल्यातच लग्नं करण्याची कडक रीत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी पक्की झाली. सत्तर पिढ्या खूप वाटतात. पण आईकडच्या ‘एम’ शाखेच्या वयापुढे सत्तर पिढ्या म्हणजे कालची गोष्ट.

आता हे सगळं आपल्या विदर्भात आणून पाहा, कारण इतका मजेदार मुलूख देशात थोडा असेल. आपण सगळे मराठी बोलतो असं समजतो, पण या एका भागात भाषांची तीन घराणी आणि वर एक बेवारस भाषा नांदते. वऱ्हाडी, झाडीबोली, पोवारी, गोरबोली या एका घराण्यातल्या. गोंडी, माडिया आणि कोलामी या तेलुगू-तमिळच्या घराण्यातल्या. मेळघाटातली कोरकू तिसऱ्याच घराण्यातली. झारखंडची मुंडारी आणि संथाळी या तिच्या सख्ख्या, आणि कंबोडियाची ख्मेर ही लांबची चुलत बहीण. आणि बुलडाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला थोडे हजार लोक निहाली बोलतात, तिचं कोणत्याच घराण्याशी नातं लागत नाही. भाषातज्ज्ञांना तिनं पिढ्यान्‌पिढ्या डोकं खाजवायला लावलंय. शेजारीपाजारी राहून तिच्यात कोरकूचे शब्द मात्र भरपूर शिरलेत. शब्द शिरले तिथे माणसं शिरली नसतील?

कोरकूंच्या घराण्यातल्या, म्हणजे मुंडा भाषा बोलणाऱ्या लोकांचा डीएनए तपासला तेव्हा मोठी विलक्षण गोष्ट निघाली. बापाकडची त्यांची ठळक खूण आग्नेय आशियातून आलेली आहे. आईकडची मात्र जवळपास सगळी इथली, याच उपखंडातली, फार जुनी. म्हणजे पूर्वेकडून मुख्यतः पुरुष आले, इथल्या बायांशी त्यांचे संसार झाले, आणि पोरं बापाची भाषा बोलत वाढली. धारणीच्या बाजारात कोरकू ऐकताना मला नेहमी वाटतं की या भाषेखाली, तिच्याही आधीची, त्या आज्यांची एखादी भाषा पुरली गेली असेल. ती कोणती, हे कोणतीच प्रयोगशाळा सांगणार नाही. गोंडांचं आणखी वेगळं. भाषा द्राविडी, पण २०१७ मध्ये त्यांचा जो अभ्यास छापला गेला त्यात त्यांची जवळीक इतर द्राविडी भाषिकांपेक्षा मुंडा भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांशी जास्त निघाली. भाषा एका गावाला, रक्त दुसऱ्या गावाला आणि देव तिसऱ्याच डोंगरावर. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गोंडांची सगेसोयऱ्यांची मोजणी आहे, परधान लोक बाना वाजवून त्या कुळांच्या कथा गातात. तीही सारी बापाकडची. आईकडची कथा गाणारं वाद्य आपल्याकडे कुणीच घडवलं नाही.

हे सांगताना एक सावधगिरी पाहिजे, नाहीतर यातून गोड गोष्ट तयार होते. ‘पहा, आपण सगळे मिसळलेलो, सगळे एक.’ डीएनएला लग्न आणि जबरदस्ती यांतला फरक कळत नाही. कोलंबियाच्या आंतिओकिया प्रांतात बापाकडच्या खुणा सुमारे ९४ टक्के युरोपीय आहेत आणि आईकडच्या सुमारे ९० टक्के तिथल्या मूळ रहिवाशांच्या. ते मिश्रण प्रेमातून झालं असं तिथला कुणी भोळा माणूसही म्हणणार नाही. स्पेनच्या स्वारीचा इतिहास लिहिलेला आहे. आपल्याकडे तसा लिहिलेला नाही. मूळच्या बाया आणि आलेले पुरुष यांच्यात सोयरीक झाली, सौदा झाला की लूट झाली, ते त्या १६,५६९ अक्षरांत कुठेच नाही. सगळीकडे लूटच झाली असेल असंही मी म्हणणार नाही. पण मिश्रण हा शब्द उच्चारताना त्यातल्या बाईची मर्जी काय होती, हा प्रश्न मनात राहू द्यावा.

आणि मिश्रण थांबवलं गेलं तेही बाईच्याच अंगावर बंधनं घालून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. भारतातले लोक मुळात मिश्र आहेत हे गृहीत धरूनच त्यांनी विचारलं की मग त्यांच्यात या भिंती आल्या कशा. त्यांचं उत्तर होतं, जातीतल्या जातीत लग्न. आणि ती रीत टिकवायची तर बाईला आवरावं लागतं: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. डीएनए म्हणजे काय हे जगाला कळायच्या कितीतरी आधीची ही मांडणी. सत्तर पिढ्यांचा तो आकडा नंतर प्रयोगशाळेतून आला. त्या पिढ्यांत काय चाललं होतं ते मात्र या निबंधात सापडतं.

थोडं विषयांतर. आमच्या भागात ‘संकर’ या शब्दाचे दोन जन्म आहेत. सोयरिकीत तो उच्चारला तर भांडण होतं. कृषी केंद्रात मात्र तोच शब्द पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि माणूस तो पाहूनच पैसे मोजतो. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून निघाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत त्याच्या कुळातली पुढची वाणं अशी पसरली की देशी कापूस आता शोधावा लागतो. गोठ्यात जर्सीचा संकर चालतो, आपली देशी गवळाऊ गाय जपायला कुणी तयार नाही. शुद्धतेचा सगळा आग्रह मांडवापुरता उरलाय.

तर व्हॅलिडिटी. डीएनए तपासा असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी टाळणार नाही. खोट्या दाखल्यांवर लोकांनी आदिवासींच्या जागा खाल्ल्या, नोकऱ्या केल्या, निवृत्तही झाले. झरी-जामणीच्या पोडातलं पोरगं बारावीपर्यंत पोचतं तेव्हा त्याची जागा आडनावाच्या सारखेपणावर दुसऱ्याच कुणी घेतलेली असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, पण तिथवर पोचायला वर्षं जातात. दुसरीकडे खरा माणूस कागदासाठी वणवण करतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, इतर मागासांना १९६७ च्या आधीचा. ज्याचा आजा शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावावर शेत नव्हतं त्यानं तो आणायचा कुठून? अशा माणसाला थुंकीची चाचणी न्यायासारखी वाटली तर त्यात त्याची चूक नाही.

पण चाचणी ते काम करू शकत नाही. आपल्या भागात बनावट आणि अस्सल यांच्या आईकडच्या खुणा बहुधा सारख्याच निघतील, कारण आज्या सारख्याच आहेत. गोंडाच्या पोरात जी ‘एम’ची पोटशाखा आहे ती शेजारच्या कास्तकाराच्या पोरातही असू शकते, आणि एकाच कोलाम पोडात पाच वेगळ्या शाखा निघू शकतात. चाचणीनं एखाद्या अस्सल कोलामाला नापास केलं तर त्याने कुणाकडे दाद मागायची?

शिवाय जात ही रक्तात नसते, वागणुकीत असते. तिचे चटके लोकांनी दिलेत, तंतुकणिकांनी नाही. कायदाही तसंच पाहतो. गोवारी समाजाचं पाहा. आदिवासी म्हणून मान्यता मागायला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधानभवनावर मोर्चा घेऊन गेलेले ११४ गोवारी चेंगराचेंगरीत गेले. त्यांत बाया आणि लेकरं किती तरी. पुढे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. सगळा वाद अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या नोंदीचा अर्थ काय याचा. त्या निकालाविषयी माझं मत काहीही असो, यात रक्त तपासून कुणाच्या बाजूनं काय सिद्ध झालं असतं? काही नाही. आदिवासींचा दाखला तपासताना देव कोणते, लग्नाची रीत कशी असं विचारून जवळीक पाहतात, तीही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णायक कसोटी मानायला नकार दिला. मनुष्य शहरात वाढला, देव विसरला, म्हणून जात बदलत नाही. जी गोष्ट विचारूनही पक्की ठरत नाही ती थुंकीतून ठरवायला निघायचं, हे इंग्रजांच्या काळातल्या रिस्लेसाहेबाच्या नाक मोजण्याचंच पुढचं पाऊल. रिस्ले म्हणायचा, नाक जितकं बारीक तितकी जात वरची. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये तसल्याच मोजमापांचे आकडे घेऊन अस्पृश्य आणि ब्राह्मण वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत खोडला होता. मापपट्टी बदलली म्हणून प्रश्न शहाणा होत नाही.

तपासणीची खरी गरज आहे ती दुसरीकडे. विदर्भात सिकलसेल आहे, आणि तो जात पाहून आलेला नाही. आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, तेली-कुणब्यांतही आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं उद्दिष्ट आहे, सतरा राज्यांत सात कोटी लोक तपासायचे आहेत. आशाताई घरोघरी जातात, बोटाला टोचतात. या जनुकाचा आईकडच्या डीएनएशी काडीचा संबंध नाही. तो अकराव्या गुणसूत्रावर असतो आणि आजार व्हायला तो आई-बाप दोघांकडून यावा लागतो. दोघं वाहक असले तर प्रत्येक लेकराला आजाराची शक्यता पंचवीस टक्के. हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण ओसरीवर मी काय ऐकतो? “मायकडून आलं.” लेकरू सारखं पांढरंफटक पडतं, सांधे धरून रडतं, आणि घरात सून दोषी ठरते. वाहक पोरीची ठरलेली सोयरीक मोडते, पोरगा वाहक असला तर ती गोष्ट मात्र दडवून ठेवली जाते. ‘आईकडचा डीएनए’ हे शब्द अर्धवट समजून गावात पोचले तर आणखी एक काठी लोकांच्या हाती येईल. म्हणून जो कुणी हे ज्ञान गावात आणेल त्याने बापाचं जनुकही तितक्याच मोठ्या आवाजात सांगावं.

आणि रक्त घ्यायचं तर विचारून. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाचे थोडेसे मूळ रहिवासी राहतात. १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं गेलं. नंतर त्यांना कळलं की त्याच रक्तावर मनोविकार, आपसातली लग्नं आणि त्यांचे पूर्वज कुठून आले यांवरही संशोधन झालं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्या दरीतच जन्मले. २०१० मध्ये रक्त नेणाऱ्या विद्यापीठानं ४१ जणांना सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. ते रक्त हाती घेऊन ते रडले असतील का, प्रार्थना केली असेल का, माहीत नाही; पण परत मागायचं त्यांना सुचलं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे शिबिर होतं, बाटल्या भरतात, गाडी निघून जाते, आणि अहवाल कुण्या परदेशी नियतकालिकात छापला जातो. पोडावर कुणी येऊन कोलामीत सांगत नाही की तुमच्यात हे सापडलं. डीएनए तंत्रज्ञानावरचं २०१९ चं विधेयक सरकारनं जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. ते मुख्यतः गुन्हेतपासापुरतंच होतं आणि त्यावर आक्षेपही रास्त होते. पण वंश सांगणाऱ्या खाजगी चाचण्यांना आणि गावातून गेलेल्या बाटल्यांना विचारणारा वेगळा कायदा अजून नाहीच.

याच डीएनएचा मला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला उपयोग आज्यांनीच मागून घेतला. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत तरुण जोडपी गायब केली गेली आणि त्यांची तान्ही लेकरं दुसऱ्यांच्या घरी वाढवली गेली. त्या लेकरांच्या आज्या चौकात उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या: मधली पिढीच नाही, तर आमच्या रक्तावरून आमचा नातू ओळखता येईल का? मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाई १९८४ मध्ये मदतीला गेल्या. आईकडचा डीएनए आजीत आणि लेकीच्या लेकरात तोच असतो; आई नसली तरी जोड लागतो. १९८७ मध्ये त्यांची सरकारी डीएनए बँक झाली. आतापर्यंत १३० हून अधिक नातवंडं सापडली. तिथे प्रश्न बायांचा होता, रक्त बायांनी आपखुशीनं दिलं आणि उत्तर त्यांच्याच हातात आलं.

आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव लिहायचं ठरलं. नाव, आईचं नाव, मग बापाचं. उशिरा का होईना, बरं झालं. आईच्या आईसाठी अजून रकाना नाही.

भाच्याचा अर्ज गेला. नक्कल काढायला तहसिलीत गेलो होतो तेव्हा मी माझ्या आजोळचीही एक काढून घेतली होती. आजीच्या जन्माच्या नोंदीत तिच्या बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे, आणि पुढे एवढंच: ‘मुलगी झाली’. आम्ही एका कोऱ्या कागदावर उलट्या बाजूची वंशावळ काढायला बसलो. आई चौऱ्याऐंशीची आहे, नजर कमी झाली, आठवण पक्की. भाच्याच्या वर त्याची आई, तिच्या वर माझी आई, तिच्या वर आजी, म्हणजे ती नोंदीतली ‘मुलगी’. आजीच्या वर पणजी. तिला गावात सगळे ‘नदीपारची’ म्हणत. पहिला नवरा १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, गेला, मग पाट लावून पैनगंगा ओलांडून इकडे आली. रागावली की, बकऱ्या मोजू लागली की वेगळ्याच बोलीत बोलायची. कोणती, ते आईला सांगता येत नाही. नाव? आई बराच वेळ छताकडे पाहत राहिली.

भाच्यानं चौकट काढून ठेवली होती. पेन टेकवून विचारलं, “आजी, हिची जात कोनती लिहू?”

“लिहू नोको,” आई म्हणाली. “तिले कोनी इचारलंच नाई कधी.”

त्यानं चौकटीत ‘नदीपारची’ एवढंच लिहिलं आणि कागद घडी घालून थैलीत टाकला, कोतवाल बुकाच्या नकलेखाली.